झाडं सांगतील ती उंची

दिवस पहिला : फ्लोरेन्स ते पोप्पी

पुढे लहान चाक ३४ दात्यांचं आणि मागचं सगळ्यात मोठं, तेही ३४ दात्यांचं; म्हणजे चढाला अगदी हलका गिअर. सायकल भाड्याने देणाऱ्याने हे सांगितलं तेव्हा मला झालेला आनंद आदल्या संध्याकाळी फ्लोरेन्सचा तो जगप्रसिद्ध घुमट पाहतानाही झाला नव्हता. मी मिरजेचा, वय वर्षे ५३. आमच्याकडे जमीन पोळपाटासारखी सपाट. चढाचा सराव म्हणजे महिन्यातून दोन रविवारी गाडीच्या टपावर सायकल टाकून पन्हाळा नाहीतर जोतिबा गाठायचा. त्या तयारीवर मी इटलीतले डोंगर चढायला निघालो होतो.

बेत भाच्याचा. तो दोन वर्षं बोलोन्यात वनशास्त्र शिकतोय. "मामा, चिआंतीत सगळं जग सायकल चालवतं. आपण कासेंतीनोत जाऊ. तुम्हाला गर्दी नको असते ना?" कासेंतीनो म्हणजे आर्नो नदीचं वरचं खोरं, फ्लोरेन्सच्या पूर्वेला. डोक्यावर आपेन्नीन पर्वताची मुख्य रांग. तिच्या अलीकडे तोस्काना प्रांत, पलीकडे रोमान्या. त्या रांगेवर १९९३ साली राष्ट्रीय उद्यान झालं, सुमारे ३६ हजार हेक्टरांचं, आणि त्यातलं बहुतेक सगळं जंगल. पाच दिवस, साधारण तीनशे किलोमीटर, ऑक्टोबरचा पहिला आठवडा. सीटखाली लांबुडकी बॅग, तिच्यात एक कपड्यांचा जोड, एक जाकीट आणि आईने बळेच दिलेल्या शेंगदाण्याच्या चिक्क्या.

शहरातून आम्ही मुद्दाम पोन्ते आ एमा मार्गे बाहेर पडलो. हे जीनो बार्तालीचं गाव. १९३८ आणि १९४८, अशी दहा वर्षांच्या अंतराने दोनदा टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकलेला माणूस. मधल्या युद्धाच्या काळात तो सराव करतोय असं दाखवत फ्लोरेन्स ते असीसी सायकलने जायचा आणि सायकलच्या नळ्यांत ज्यूंसाठी केलेली खोटी ओळखपत्रं दडवलेली असायची. याबद्दल तो हयातभर फारसं बोलला नाही. २०१३ साली, तो गेल्यावर तेरा वर्षांनी, इस्राएलच्या याद वाशेमने, म्हणजे तिथल्या ज्यू हत्याकांडाच्या स्मारक-संस्थेने, त्याचा गौरव केला. गावात त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. आम्ही पोचलो तेव्हा ते बंद होतं. भाचा म्हणाला, "इथे बंद असणं हाच नियम धरा." हे वाक्य मला पुढे फार महागात पडणार होतं.

पोन्तास्सिएवेपर्यंत नदीकाठचा निवांत रस्ता. तिथून कोन्सूमाची खिंड. सोळा-सतरा किलोमीटर सलग चढ, शंभर मीटर उंचीवरून हजाराच्या थोडं वर. मी दर दोन मिनिटांनी हॅन्डलवरच्या मीटरमध्ये उंची बघत होतो. ३१०. ३२२. ३२९. असा आकडा बघत बसलं की चढ संपत नाही, दूध तापत नाही तसं. शेवटी भाचेरावांनी स्वतःची टोपी काढून माझ्या मीटरवर अडकवली.

"झाडांकडे बघा मामा. ऑलिव्ह आणि द्राक्षं आहेत तोवर आपण खालीच. ओक लागले की थोडं वर आलो. मग चेस्टनट. बीच आणि फर दिसले की हजाराच्या आसपास. आकडा बघायची गरज नाही."

मला वाटलं, पोरगं वेळ मारून नेतंय. पण तासाभराने ऑलिव्हचा राखाडी-हिरवा रंग खरंच मागे पडला होता. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओक, त्यांची बोटं छाटल्यासारखी पानं. मग एका वळणानंतर डांबरावर काटेरी हिरवे गोळे सांडलेले, काही फुटलेले, आत तकतकीत तपकिरी फळ. चेस्टनट. टोपीखालून चोरून पाहिलं. ६८०. भाच्याला काही बोललो नाही.

खिंडीत गारठा आणि वारा. तिथल्या एका बारमध्ये स्क्यॅचाता मिळते, मीठ-तेल लावलेली चपटी रोटी, मधून चिरून हवं ते भरून देतात. माझ्यासाठी चीज आणि भाजलेली वांगी. मी शाकाहारी आहे हे भाच्याने बारवाल्या बाईंना इतक्या तपशिलात समजावलं, की शेजारच्या टेबलावरच्या दोन शिकाऱ्यांनी माझ्याकडे वळून आजारी माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

उतार मजेत गेला. खाली खोरं उघडलं आणि मधोमध टेकडीवर पोप्पीचा किल्ला, कोन्ती गुईदी घराण्याचा. त्याच्या पायथ्याशी काम्पाल्दीनोचं मैदान. ११ जून १२८९ ला इथे फ्लोरेन्स आणि आरेत्सो यांची लढाई झाली आणि फ्लोरेन्सच्या घोडदळात चोवीस वर्षांचा कवी दान्ते होता. आता तिथे नांगरलेली शेतं, एक स्मारकस्तंभ आणि शेजारून जाणारा ट्रकांचा रस्ता.

रात्री तोर्तेल्ली दी पाताते. हा इथला खास पदार्थ: पास्त्याच्या चौकोनी पुड्या, आत कुस्करलेला बटाटा आणि लसूण. पहिला घास घेतला आणि भाच्याकडे पाहिलं. "बोलू नका," तो म्हणाला. "पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला पण आजीच्या बटाट्याच्या भाजीची आठवण आली होती."

दिवस दुसरा : पोप्पी ते बान्यो दी रोमान्या

सकाळी खोऱ्यात धुकं भरलेलं आणि किल्ल्याचा मनोरा तेवढा वर. मोज्जोना गावापर्यंत चढ बेताचा. हे गाव लाकडी पिंपं आणि बादल्या घडवणाऱ्यांचं म्हणून ओळखलं जाई. द्राक्षं वाहायला खालच्या तोस्कानात त्या लागत. सप्टेंबर १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैनिकांनी इथल्या बायकामुलांसह गावकऱ्यांना मारलं. त्या काळी जर्मनांची इटलीतली शेवटची मोठी संरक्षणरेषा याच डोंगरांवरून गेली होती. स्मारकावरची नावं वाचताना कळतं, आडनावं तीच तीच आहेत.

मोज्जोनानंतर खरं जंगल. दोन-तीन वळणांत प्रकाशच बदलला. फरची झाडं सरळ, इतकी सरळ की रस्त्याचा चढ डोळ्यांना कळेनासा होतो, पायांना कळतोच. खोडं राखी, चाळीस मीटर वर जाऊन मग कुठे फांद्या. खाली मऊ सुयांचा थर, त्यामुळे आवाज नाही. माझ्या चेनचा आवाज मला पहिल्यांदाच नीट ऐकू आला आणि तिला तेल घालायचं राहिलंय हेही कळलं.

कामाल्दोलीचा मठ एका ओढ्याच्या काठी, ८१६ मीटरवर. संत रोमुआल्दोने १०१२ च्या सुमारास इथे वर रानात पाच कुट्या बांधल्या, तिथून ही परंपरा सुरू झाली. खालचा मठ एकत्र राहणाऱ्यांचा, वरचं एरेमो एकांतवाल्यांचं. भाच्याला त्यांच्यात रस वेगळ्या कारणाने. "हे जंगल या बुवांनी राखलंय," तो म्हणाला. "फर कधी तोडायचा, तोडला की किती लावायचे, हे सगळं त्यांच्या नियमांत होतं. साधू होते पण हिशेबाला पक्के." १८६६ मध्ये इटलीच्या सरकारने मठांच्या मालमत्ता घेतल्या तेव्हा जंगल सरकारकडे गेलं. म्हणजे साडेआठशे वर्षं एकाच संस्थेने एकच रान सांभाळलं. आमच्याकडे सोसायटीच्या बागेतल्या चार अशोकांवर चार अध्यक्षांची चार मतं होतात.

मठाच्या जुन्या औषधालयाची परंपरा १५४३ पर्यंत मागे जाते. अजून तिथे साबण, काढे आणि अर्क विकतात. बाटल्यांच्या फडताळांपुढे उभं राहिलं की वास थेट आयुर्वेदिक दुकानाचा. मी गुडघ्यांसाठी एक मलम घेतलं. गुण आला की नाही सांगता येत नाही, कारण त्याच संध्याकाळी गरम पाण्याचाही प्रयोग झाला.

एरेमोचा चढ छोटा पण तिखट. वर, अकराशे मीटरवर, भिंतीआड दगडी घरांची रांग; प्रत्येक साधूला एक घर, घराला छोटी बाग, बागेला उंच भिंत. दुकानात बसलेल्या पांढऱ्या झग्यातल्या वृद्ध साधूंनी विचारलं, कुठून आलात. इंडिया म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला आणि ते म्हणाले, "शांतिवनम!" तमिळनाडूत कुळित्तलैजवळ कावेरीकाठी सच्चिदानंद आश्रम आहे, त्यालाच शांतिवनम म्हणतात; तो याच कामाल्दोली परंपरेशी जोडलेला. तिथल्या प्रार्थनेत संस्कृत श्लोकही म्हणतात. साधूबाबांनी मला विचारलं, तुम्ही गेलाय का तिथे? आता मिरजेहून कुळित्तलै किती लांब आणि तिथे न जाता मी इथे कसा पोचलो, हे इटालियनमध्ये सांगणं भाच्यालाही जमलं नाही.

परत खाली उतरून सेर्राव्हाल्लेकडे आणि आर्क्यानो नदीच्या बाजूने बादिया प्राताल्या. काम्पाल्दीनोच्या लढाईत आरेत्सोच्या बाजूने लढताना पडलेल्या बुओनकोन्तेचं प्रेत याच आर्क्यानोने पुरात वाहून नेऊन आर्नोत टाकलं, असं दान्तेने लिहिलंय. त्या दिवशी मात्र पात्रात घोटाभर पाणी. बादियात कॉफी आणि चिक्की. मग मान्द्रिओलीची खिंड, ११७३ मीटर. अलीकडे बीचची राई, पानांना नुकता पिवळा चढू लागलेला.

पलीकडचा उतार मी विसरणार नाही, दोन कारणांनी.

एक, दगड. रोमान्याच्या बाजूला डोंगर कापून रस्ता काढलाय आणि कापलेल्या भिंतीत थरावर थर: वाळूचा दगड, मऊ चिकणदगड, परत वाळूचा दगड. हातभर, वीतभर, परत हातभर. जुन्या समुद्राच्या तळाशी घसरत आलेल्या गाळाचे हे थर. मऊ थर झिजून आत गेलेत, कठीण बाहेर राहिलेत, म्हणून अख्खा डोंगर पायऱ्या पायऱ्यांचा दिसतो. सह्याद्रीतही पायऱ्या आहेत, पण त्या लाव्हाच्या आणि जाड. इथल्या म्हणजे तलाठ्याच्या कार्यालयातले दप्तरांचे गठ्ठे.

दुसरं कारण, मी पडलो. सावलीतलं वळण, ओली पानं, आणि माझी बोटं गारठून ब्रेकवर आवळलेली. मागचं चाक हळूच बाजूला गेलं, म्हशीने शेपूट हलवावी तसं, आणि मी पानांनी भरलेल्या गटारात आडवा. कोपर खरचटलं, हॅन्डलची टेप फाटली. सायकल उचलून चालवली तर सगळ्यात सोप्या गिअरला मागून कटकट कटकट. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, ज्या लहानशा पट्टीवर टांगलेला असतो, ती वाकली होती.

भाचा पाच मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, चढता तुम्ही छान. पण उतरताना ब्रेकला लोंबकळता. वळणाच्या आधी दाबायचा आणि वळणात सोडायचा. वळणात दाबला की चाक सरकणारच." हे मला चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. पन्हाळ्याचा उतार आम्ही नेहमी गाडीतून उतरतो ना.

बान्योमध्ये रोमनांच्या काळापासून गरम पाण्याचे झरे आहेत. संध्याकाळी तासभर गळ्यापर्यंत पाण्यात बसलो. कोपर झोंबत होतं. आजूबाजूला सगळे इटालियन आजी-आजोबा, आणि ते एकमेकांना नक्की काय दुखतंय ते सांगत होते. भाषा कळत नव्हती, पण हातवारे ओळखीचे.

दिवस तिसरा : बान्यो ते काम्पीन्या

सकाळी शेजारच्या सान पिएरोमध्ये सायकल दुरुस्त करणारा गाठला. साठीचा माणूस, पुढे निळा ॲप्रन. त्याने डिरेलर खोलला, त्या जागी लांब दांड्याचं एक मोजमापाचं हत्यार बसवलं, चाकाभोवती चार ठिकाणी फिरवून पाहिलं, आणि पट्टी केसभर इकडे, केसभर तिकडे अशी वाकवत आणली. वाकवताना तो श्वास रोखत होता. माझाही रोखला गेला. ॲल्युमिनियमची पट्टी एकदाच सरळ होते, दुसऱ्यांदा तुटते, असं तो म्हणाला. मग सगळे गिअर वरखाली करून आवाज ऐकला, मान तिरकी करून, तबला लावावा तसा. दहा युरो घेतले. वर माझ्या ब्रेक पॅडकडे बोट दाखवून भाच्याला काहीतरी बोलला. भाच्याने भाषांतर करायचं टाळलं.

याच गावात २९ जून २०२४ ला टूर द फ्रान्स येऊन गेली होती. टूरची सुरुवात इटलीतून होण्याची ती पहिलीच वेळ. फ्लोरेन्स ते रिमिनी, २०६ किलोमीटर. सान्ता सोफियाकडून कार्नायोची खिंड चढून सगळे इथे उतरले. आम्ही उलट निघालो. त्यांनी साडेदहा किलोमीटर चढले ते आम्ही उतरलो, आणि ते जिथे सुसाट खाली आले तिथे आम्ही घाम गाळत चढलो. रोमाँ बार्देने तो टप्पा जिंकला. आम्हाला एका शेतातल्या गाढवाने मागे टाकलं, असं भाचा म्हणतो. मी ते नाकारतो, ते गाढव कुंपणापलीकडे होतं.

सान्ता सोफियाला अडीच वाजता पोचलो. आणि तो नियम आठवला. पहिल्या ठिकाणी स्वयंपाकघर बंद. दुसऱ्या ठिकाणी बंद. तिसऱ्या ठिकाणच्या बाई फरशी पुसत होत्या, त्यांनी घड्याळ दाखवलं, साडेसातला या. किराणा दुकान चारपर्यंत बंद. पुढे वीस-बावीस किलोमीटरची वाट आणि पोटात सकाळचा क्रोसाँ. आपल्याकडे हमरस्त्यावर दुपारी तीनला मिसळ मिळते, हे किती मोठं सार्वजनिक सुख आहे याची जाणीव मला बिदेन्ते नदीच्या पुलावर उभं राहून झाली. आईच्या चिक्क्यांपैकी दोन उरल्या होत्या. एकेक खाल्ली. पुडक्यातला चुराही.

वाचवलं ते कोर्नियोलोच्या वाटेवरच्या एका टपरीने. तिथे तोर्तेल्लो आल्ला लास्त्रा मिळत होता. पातळ लाटलेल्या पिठाचे चौकोन, आत बटाटा, भोपळा आणि चीज, कडा काट्याने दाबून बंद केलेल्या, आणि ते तापलेल्या दगडाच्या लादीवर भाजतात. तेल नाही. पीठ ठिकठिकाणी करपून काळे डाग पडतात. हा आलू पराठाच. चौकोनी, जरा कमी मसालेदार, पण पराठाच. मी चार खाल्ले. टपरीवालीने पाचवा न विचारता वाढला आणि त्याचे पैसेही न विचारता लावले.

कोर्नियोलोपासून चढ सुरू होतो आणि थांबायचं नाव घेत नाही. इथे मीटर मी स्वतःच खिशात टाकला. आधी ओक आणि हॉर्नबीमची गचपण. मग चेस्टनट, काही इतके जुने की बुंधा पोखरून आत माणूस बसेल. रस्ताभर काटेरी गोळे; पातळ टायर त्यावरून गेलं की पुढचं चाक बेअरिंगवर चढल्यासारखं गरगरतं. एका ठिकाणी "पाणी पिण्यायोग्य नाही" असा फलक लावलेला झरा होता आणि एक म्हातारा शांतपणे त्याच पाण्याने सहा बाटल्या भरत होता. आम्हीही भरल्या. काही झालं नाही.

मग पहिलं बीच दिसलं. गुळगुळीत राखाडी खोड, हत्तीच्या पायासारखं. "नऊशे," मी ओरडलो. भाच्याने त्याचा मीटर पाहिला. "आठशे नव्वद. शाब्बास मामा."

काम्पीन्या म्हणजे हजार मीटरच्या वर दोन-चार इमारती आणि चहूकडे फर. इथलं जंगल चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलच्या कारखान्याकडे होतं. कारखाना म्हणजे इमारतीचं बांधकाम बघणारी संस्था, ओपेरा देल दुओमो. तुळया, परांच्या, यारी, सगळ्याला लांब सरळ लाकूड लागे. ते इथे तोडायचं, बैलांकडून ओढत काल्लाची खिंड पार करायची, पलीकडे आर्नोत टाकायचं आणि ओंडके बांधून तराफे करून नदीतून फ्लोरेन्सला न्यायचे. आम्ही तीन दिवस ज्या रानाला रान म्हणत होतो ती एका देवळाची लाकडाची वखार होती. पुढे अतिरेक झाला, डोंगर उघडे पडायला लागले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात ग्रँड ड्यूक लेओपोल्दो दुसरा याने बोहेमियातून कार्ल सिमोन नावाचा वनपाल आणला आणि पुन्हा लागवड केली. सरळ रांगांत उभे असलेले फर बघून भाचा म्हणतो, "हे पीक आहे मामा. उसासारखं. फक्त शंभर वर्षांनी तोडायचं."

पण याच उतारावर, आमच्या खिडकीतून हाताच्या अंतरावर वाटावी अशी, सास्सो फ्रातीनोची राखीव राई आहे. तिथपर्यंत ना बैल पोचले ना कुऱ्हाडी, इतका तो कडा उभा. १९५९ साली तिथे इटलीतलं पहिलं पूर्ण संरक्षित निसर्गक्षेत्र झालं. २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. पाचशे वर्षांवरचे बीच आहेत तिथे. आत जायला परवानगी नाही, पायवाटही नाही. भाचा, वनशास्त्राचा विद्यार्थी, तासभर त्या दिशेला बघत बसला, हलवायाच्या काचेला नाक लावून बसावं तसा.

रात्री जेवून बाहेर आलो. काळोख, दव, श्वासाची वाफ. आणि खालून दरीतून आवाज. प्रथम मला वाटलं कुणी ट्रक चालू करतंय. खोल, घोगरा, ओढलेला, शेवटी खोकल्यासारखे दोन तुकडे. मग समोरच्या उतारावरून दुसरा, जास्त खर्जातला. मग डावीकडून तिसरा. तांबडी हरणं. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नर असे डरकतात. इथे या दिवसांत माणसं रानात ठिकठिकाणी बसवून, कोणत्या दिशेने किती आवाज आले हे नोंदवून हरणांची मोजणी करतात. भाच्याने वही काढली. मी कान दिले. अर्ध्या तासात आम्ही सात नर मोजले. सहावा आणि सातवा एकच होता यावरून झोपेपर्यंत वाद.

दिवस चौथा : काम्पीन्या ते ला वेर्ना

सगळे कपडे एकावर एक चढवून सात वाजता निघालो. काल्ला १२९६ मीटर, सहलीतला सगळ्यात उंच रस्ता. खिंडीत ढग इकडून तिकडे वाहत होता. बीचची पानं इथे पूर्ण पिवळी, काही लाल. फोटो काढायला हातमोजा काढला तो परत घालता येईना.

उतार सोळा किलोमीटर, थेट स्तियापर्यंत. बैल ओंडके घेऊन ज्या अंगाने उतरायचे त्याच अंगाने. मी वळणाआधी ब्रेक दाबत होतो आणि वळणात सोडत होतो, तोंडाने पुटपुटत, "आधी, सोड. आधी, सोड." पाचव्या-सहाव्या वळणानंतर पुटपुटणं थांबलं. दहाव्यानंतर भाचा मागे वळून बघायचा थांबला. बीच, चेस्टनट, ओक, मग एका अंगणात डाळिंब आणि अंजीर. जे चढायला आदल्या दिवशी संध्याकाळ झाली होती, ते अर्ध्या तासात उलटं वाचून झालं.

स्तियात आर्नोवर पूल. इथे ती ओढ्याएवढीच असते. उगम वर फाल्तेरोना डोंगरावर. गावाचं नाव लोकरीसाठी. पान्नो कासेंतीनो नावाचं जाड कापड, वरून लोकरीचे बारीक गोळे आल्यासारखं, भडक केशरी नाहीतर हिरवं. रंग देताना कुणाच्या तरी चुकीने केशरी झालं आणि मग तेच लोकांना आवडलं, अशी गोष्ट सांगतात. हात फिरवला तर आमच्याकडच्या धनगरी घोंगड्याची आठवण व्हावी असा खरखरीतपणा. किंमत पाहिली आणि घोंगडं जास्तच आठवलं.

दुपार खोऱ्यात गेली, पाय मोकळे करत, बारा वाजताच जेवून घेऊन. धडा शिकलो होतो. बिब्बिएनाहून ला वेर्नाचा चढ वीसेक किलोमीटर, त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की शेवटचे चार किलोमीटर मी शिव्या देत चढलो आणि पोचलो ते संत फ्रान्सिसच्या दारात. १२१३ मध्ये एका सरदाराने हा डोंगर फ्रान्सिसला दिला. १२२४ च्या सप्टेंबरात इथेच त्याच्या अंगावर ख्रिस्ताच्या जखमा उमटल्या, अशी श्रद्धा आहे. मठ एका उभ्या कड्याच्या काठावर चिकटलाय. भोवती फाटलेले प्रचंड खडक आणि त्यांच्यातून उगवलेले बीच. देवळात आन्द्रेआ देल्ला रोब्बियाची निळी-पांढरी चकचकीत मातीची शिल्पं. थकलेल्या डोळ्यांना तो निळा फार बरा वाटला.

मुक्काम मठाच्या अतिथिगृहात. रात्री जेवायला लांब टेबलं, शेजारी यात्रेकरू. एका बाईंनी विचारलं, तुम्ही यात्रेला आलात की सायकलवर? भाचा म्हणाला, मामा यात्रेला आलेत, मी त्यांच्या सायकलीबरोबर.

दिवस पाचवा : ला वेर्ना ते आरेत्सो

सकाळी उतार, लांबलचक, ऊन अंगावर घेत काप्रेसेपर्यंत. मायकेलअँजेलोचा जन्म इथला, ६ मार्च १४७५. त्याचे वडील त्या वर्षी इथे फ्लोरेन्सच्या वतीने कारभारी होते. बदलीच्या गावी झालेलं मूल म्हणा. बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे लगेच समजतं.

मग अंगियारी. तिबेरच्या खोऱ्याकडे बघणारं गाव, आणि गावाच्या मधून नाकासमोर सरळ खाली गेलेला उभा रस्ता. मधे वळण नाही, काही नाही. "आधी, सोड" इथे कामाचं नव्हतं, कारण सोडायची हिंमत नव्हती. पण आम्हाला पलीकडे जायचं होतं, म्हणून तिथे नुसते कठड्याशी उभे राहून खाली बघितलं आणि वळलो.

शेवटची खिंड छोटी, ओकांची. ऑलिव्ह परत दिसले. आरेत्सोच्या स्टेशनवर सायकलचं वेगळं तिकीट काढलं आणि साध्या गाडीत बसलो. आर्नो आरेत्सोच्या जवळ येते आणि एकदम तोंड फिरवून फ्लोरेन्सकडे वळते. दान्तेने तिला नाक मुरडणारी म्हटलंय. गाडी बराच वेळ तिच्या सोबतीने जाते. पोन्तास्सिएवेला थांबलो तेव्हा खिडकीतून कोन्सूमाकडचे डोंगर दिसले, खाली राखी-हिरवे, वर काळपट.

भाच्याने मीटरवर अडकवलेली ती टोपी काढून मला परत दिली. ती त्याचीच होती, हे आम्हा दोघांच्याही नंतर लक्षात आलं.

"मामा, पुढच्या वर्षी दोलोमितीचे डोंगर?"

"मागे ३६ दात्यांचं मिळतं का ते आधी विचार."